मुंजाबाचा जोडीदार

मुंजाबा पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आला तेव्हा आत न येता दारातल्या पायरीवरच बसून राहिला. आत बाकं रिकामी, पंखा चालू, आणि हा गडी पायरीवर. बाबा, पायरीवर औषध मिळत नसतं, असं मी आतून म्हणालो. तो ओशाळून हसला आणि म्हणाला, पिंडरीत गोळा आलाय, जरा दम घेतो. बसथांबा आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होता, आणि तेवढ्या वाटेत त्याला दोनदा टेकावं लागलं होतं. मला वाटलं, सोंग आहे. कामगारांच्या दवाखान्यात बरीच वर्षं कंपाउंडरकी केली की नजर अशीच होते. रजेच्या कागदासाठी माणसं किती तऱ्हांनी लंगडतात ते मी पाहिलेलं होतं.

पण हे सोंग नव्हतं. मुंजाबा धनगराचा. बिडकीनच्या पलीकडे त्याचं गाव, आणि चालणं त्याच्या जन्मालाच पुजलेलं. बाप मेंढरं घेऊन पावसाळ्यात डोंगराकडे आणि उन्हाळ्यात गोदाकाठाला जायचा, तेव्हा हा पोरगा कळपाच्या मागे. पायात चपला असल्या तर असल्या. पुढे बापानं थोडी कोरडवाहू घेतली, मेंढरं धाकट्या भावाच्या वाट्याला गेली, आणि वाळूजकडे कारखान्यांचं पीक आलं तेव्हा मुंजाबा तिथं चिकटला. काल ज्वारी उभी होती तिथं आज गेट आणि शिट्टी, असे ते दिवस होते. आमच्या दवाखान्यातली गर्दीही त्याच पिकाबरोबर वाढली. मेंढरांमागे दिवसभर न थकणारा माणूस आता बसथांब्यापासून पायरीपर्यंत पोचत नव्हता, याची त्याला वेदनेपेक्षा लाज जास्त वाटत होती. धनगराचा असून चालवत नाही, हे सांगताना तो माझ्याकडे बघतही नव्हता.

आमच्या डॉक्टर म्हणजे पाथ्रीकर बाई. जीभ तिखट, हात मायेचा. कुणी काहीही घेऊन येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बिडी, सिगारेट, तंबाखू, काय चालतं? डोळे आलेल्या माणसालाही त्या हेच विचारायच्या. कामगार चेष्टा करायचे की बाईंना करंगळी दाखवली तरी त्या छाती तपासतात. मी तंबाखू मळायचो, ती दवाखान्याच्या मागे जाऊन, आणि परत येताना तोंड धुऊन. तरी त्यांना वास यायचा. सांगायचं एवढंच की त्या रागवायच्या, आणि त्यांच्या रागाला सगळे घाबरायचे.

मुंजाबाच्या पायाचा अंगठा काळसर पडला होता आणि त्याच्या कडेला एक जखम होती. कारखान्यात पत्रा लागला होता, बरेच दिवस झाले होते, पण ती सुकत नव्हती. बाईंनी त्याच्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग दुसऱ्या पावलावर. मग त्यांनी बिडीचं विचारलं. बाईमाणसासमोर बिडीचं नाव काढायचं मुंजाबाच्या जिवावर आलं. तो म्हणाला, असते आपली कधीमधी. तेवढ्यात बाईंनी त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे नुसतं बघितलं, आणि त्यानं आपोआप खिशावर हात ठेवला. बिडीचं अख्खं बंडल होतं आत.

मग बाईंनी त्याला समजावून सांगितलं. पावलातली नाडी लागत नाही. बिडीनं पायाच्या शिरा आखडत चालल्यात, रक्त खालपर्यंत पोचत नाही, म्हणून चाललं की गोळा येतो आणि जखम भरत नाही. मुंजाबानं विचारलं की याच्यावर गोळी नाही का. बाई म्हणाल्या, आहे, पण बिडी चालू ठेवलीत तर ती पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून अगदी हळू आवाजात सांगितलं, "मुंजाबा, बिडी राहील नाहीतर पाय राहील. दोन्ही राहणार नाही."

 पाय जाणं म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. लंगडं झालेलं मेंढरू कळपाबरोबर जात नाही, ते विकतात, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं.

बाईंची एक पद्धत होती. एकट्यानं बिडी सुटत नाही असं त्यांचं ठाम मत. त्या प्रत्येकाला जोडीदार आणायला सांगायच्या. बायकोला नाही. बायकोसमोर कोण ओढतो, असं त्या म्हणायच्या. बिडी ओढायला जो सोबत असतो तोच सोडायलाही सोबत हवा. काहीजण भावाला आणायचे, काही शेजाऱ्याला, काही कुणालाच नाही आणि परत यायचेही नाहीत. मुंजाबानं कडुबाला आणलं.

कडुबा त्याच गावचा, पण गावकुसाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला. गावात इतकी वर्षं दोघं एकमेकांना नुसते तोंडानं ओळखत होते. खरी ओळख झाली ती वाळूजला, एका प्रेसवर. एक जण पत्रा सरकवायचा, दुसरा प्रेस खाली घ्यायचा. पत्रा सरकवणाऱ्याची बोटं दुसऱ्याच्या ध्यानावर असायची. अशा कामात माणूस जोडीदाराची जात विचारत बसत नाही, त्याचं लक्ष कुठं आहे ते बघतो. सुट्टीत दोघं कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसायचे आणि एका काडीवर दोन बिड्या पेटवायचे. वाऱ्यात काडी विझली तर एकाच्या बिडीला दुसऱ्याची बिडी लावायची. गावात हे कुणी पाहिलं असतं तर आठवडाभर पारावर दुसरा विषय निघाला नसता.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा त्या वस्तीतली काही घरं पेटली होती. कडुबाचं घर त्यातलं एक. मुंजाबा त्या वेळी मेंढरं घेऊन डोंगराकडे होता. पट्टी बांधताना एकदा त्यानं मला हे सांगितलं, मी विचारलं नसताना. मी गावात नव्हतो कंपाउंडर साहेब, असं दोनदा म्हणाला. कडुबा पुढे त्या चळवळीत तुरुंगात जाऊन आला. पण दोघं भिंतीला टेकून बसले की हा विषय निघत नसे. का निघत नसे ते दोघांनाही माहीत होतं.

तर कडुबा बाईंसमोर बसला आणि बाईंनी सगळं सांगितल्यावर म्हणाला, "बाई, ह्याची बिडी बंद करायची म्हंजी मपली बी बंद. नायतर ह्यो मपल्या धुरावरच जगंल." बाई खूश झाल्या. त्यांना असा जोडीदार पहिल्यांदाच मिळाला होता.

आणि त्यानं खरंच सोडली. दोघांनीही सोडली. ते पहिले आठवडे काही विचारू नका. कडुबा भाजलेले फुटाणे खिशात भरून हिंडायचा, कॅन्टीनवाल्याशी चहाच्या पातळपणावरून भांडायचा. मुंजाबा लिंबाची काडी चावून चावून दात खिळखिळे करून घेईल असं आम्हाला वाटायचं. कुणी त्याला बिडी पुढे केली की कडुबाच मध्ये पडायचा आणि म्हणायचा, त्याला नको, त्याला पाय हवाय. सगळे हसायचे, पण बिडी मागे घ्यायचे. दर आठवड्याला दोघं पट्टीला यायचे. जखमेच्या कडा सुकायला लागल्या. एकदा बाईंनी पावलावर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, पुसट लागतेय. मुंजाबाला वाटलं होतं की डॉक्टर लोकांना आनंद झालेला कधी दिसत नाही. त्या दिवशी दिसला. नव्या रोग्यांना बाई या जोडीचं उदाहरण द्यायला लागल्या, आणि मुंजाबा मान वर करून बाकावर बसायला लागला.

पुढचं मला खूप नंतर कळलं, पण इथंच सांगतो, नाहीतर बाईंप्रमाणे तुमचीही फसगत होईल.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला मुंजाबा गावी गेला. खंडोबाची तळी भरली, भंडारा उधळला, भरीत-रोडग्याचं जेवण झालं, आणि मग देवळाच्या ओट्यावर बापे बसले. रिवाज असा की तळीनंतर चिलीम फिरते. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, ओलं फडकं लावून. ज्याला ती मिळते तो त्या ओट्यावरचा, ज्याला मिळत नाही तो नाही. कुणाला वाळीत टाकायचं झालं तर आधी त्याची चिलीम बंद व्हायची. आणि ते दिवस कसे होते तेही सांगायला हवं. नामांतर आता होणार, उद्या होणार, अशी रोज बातमी. गावात दोन तट. गाव आणि वस्ती एकमेकांच्या रस्त्यानं जात नव्हती. शहरात मात्र मुंजाबा कडुबाच्या डब्यातली भाकर खातो, ही खबर ओट्यावर कधीच पोचली होती.

चिलीम मुंजाबाच्या पुढे आली तेव्हा त्यानं हात जोडले आणि सांगितलं की डॉक्टरनं बंद केलीय, पाय जाईल. सरळ गोष्ट होती. पण त्याचा चुलता केरबा तात्या, ओट्यावरचा सगळ्यांत थोरला माणूस, चिलीम तशीच धरून म्हणाला, "तुला चिलीम डॉक्टरनं सोडायला लावली का कडुबानं?"

कुणी हसलं नाही. सगळे बघत राहिले. मुंजाबानं एकदा पायाकडे बघितलं आणि चिलीम घेतली.

त्याला त्या वेळी तलफ आली नव्हती, हे तो पुढे शपथेवर सांगायचा. माझा त्यावर विश्वास आहे. तलफेनं ओढली असती तर बाईंना सांगता आलं असतं. बाई चिडल्या असत्या, दोन शिव्या घातल्या असत्या, विषय संपला असता. पण आपण चिलीम का घेतली हे सांगायचं म्हणजे कडुबाच्या देखत सांगायचं की मी तुझ्या बाजूचा नाही हे दाखवायला मी ती घेतली. हे कुठल्या तोंडानं सांगणार?

एकदा धूर आत गेला की तो आपलं घर शोधतो. परतीच्या वाटेवर बिडकीनच्या टपरीवर त्यानं बंडल घेतलं. मग भाड्याच्या खोलीच्या मागे जाऊन ओढायला लागला, मग कारखान्यातून सुटल्यावर. कडुबाबरोबर असताना मात्र लिंबाची काडी चावायचा. कडुबा त्याला फुटाणे द्यायचा, आणि हा ते घ्यायचा. मला या माणसाचा राग येतो तो इथं. पण त्याला स्वतःचा जो राग येत होता त्यापुढे माझा काहीच नाही. तो मला म्हणाला होता की त्या फुटाण्यांनी घसा सोलून निघायचा.

जखम परत ओली झाली. अंगठ्याच्या शेजारचं बोटही काळं पडायला लागलं. बाई चक्रावल्या. बिडी बंद, गोळ्या चालू, मग हे काय? त्यांनी खोदून खोदून विचारलं. मुंजाबा म्हणाला, एक बी नाय बाई, कडुबाला विचारा. आणि कडुबा शेजारी बसून मोठ्या खात्रीनं म्हणाला, व्हय बाई, मी हाय ना संगं, एक बी नाय. बाईंनी त्याच्या बोलण्यावर गोळ्या बदलल्या, साखर तपासली, रात्र रात्र पुस्तकं चाळली म्हणे. आणि मुंजाबा ते सगळं ऐकत बसला.

संक्रांतीच्या आधी एक दिवस तो आला तेव्हा त्याची बायको बानाबाई बरोबर होती. कडुबा नेहमीप्रमाणे कारखान्यातून थेट आला होता. बाईंनी पट्टी सोडायला सांगितली आणि बानाबाई रडायलाच लागली. पदरातून तिनं बिडीची थोटकं काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. सदऱ्याच्या खिशात सापडली म्हणाली. मग तिनं कडुबाकडे न बघता सांगितलं की घरी तर हे ओढत नाहीत, गावी देवाला जातात, कारखान्यात कोण देतं ते मला काय माहीत, पण दिवसभर संगं कोण असतं ते सगळ्यांना ठावं आहे. तिनं खोलीत आदल्या रात्रीच त्याला विचारलं होतं की तो कडुबाच देत असंल ना. आणि मुंजाबा नाही म्हणाला नव्हता. व्हय म्हणाला नव्हता, हे खरं. नुसता कूस बदलून झोपला होता.

पाथ्रीकर बाई उभ्या राहिल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या कडुबाला खूप बोलल्या. तुमच्या भरवशावर मी या माणसाचा पाय ठेवला, तुम्ही माझ्यासमोर बसून खोटं बोललात, दोस्ताला मारायला निघालात का, असं बरंच काही. कडुबानं एकदाही त्यांना मध्ये तोडलं नाही. तो मुंजाबाकडे बघत होता. मी पट्टीचं सामान हातात घेऊन तिथंच उभा होतो, त्यामुळे मला नीट दिसलं. तो रागानं बघत नव्हता. वाट बघत होता. आता हा बोलेल, आता बोलेल, असं.

मुंजाबा आपल्या पायाकडे बघत बसला.

बराच वेळ झाल्यावर कडुबा उठला, बाईंना हात जोडले, म्हणाला, बरं बाई, आणि निघून गेला. बानाबाईनं डोळे पुसले. मला त्या वेळी वाटलं की चोर पकडला गेला. असं वाटणारा मी एकटाच नव्हतो, आणि तसं वाटायला त्या दिवसांत फार पुरावा लागत नव्हता.

मग बाईंनी जे केलं ते कुठल्याही शहाण्या डॉक्टरनं केलं असतं. हा माणूस ज्या सोबतीत बिडी ओढतो त्या सोबतीपासून त्याला दूर ठेवायचं. त्यांनी रजा लिहून दिली आणि बानाबाईला सांगितलं, महिनाभर यांना गावी ठेवा. भावकीत राहू द्या, तुमच्या डोळ्यांसमोर राहतील. मुंजाबाला तोंड उघडायची ही दुसरी संधी होती. गावी नको, गावीच चिलीम आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो म्हणाला, बरं.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली. शहरात एकीकडे गुलाल आणि दुसरीकडे पोलिसांच्या गाड्या. कडुबा क्रांती चौकात नाचून नाचून घसा बसवून आला असं कुणीतरी सांगितलं. गावाकडे वेगळं होतं. ओट्यावर रोज माणसं बसायची, रोज तोच विषय, आणि रोज चिलीम. आता मुंजाबाला कुणी काही विचारत नव्हतं. तोच हात पुढे करायचा. एसट्या काही दिवस बंद होत्या, आणि त्या सुरू झाल्यावरही तो आला नाही, कारण काय तोंड घेऊन यायचं. बानाबाईनं भावकीतल्या बायकांना सांगून पाहिलं, पण बापे ओट्यावर काय करतात ते बायकांनी बोलायचं नसतं. पाय वरपर्यंत काळा झाला आणि घरात वास सुटला तेव्हा त्याच्या भावानं त्याला टेम्पोत घालून शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

पाथ्रीकर बाई त्याला बघायला गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. त्यानं त्यांना गावातल्या चिलमीचं सांगितलं. फक्त या महिन्यातल्या. आधीचं काही बोलला नाही.  परत आल्यावर दवाखान्याच्या दारात बाई म्हणाल्या, मीच त्याला तिथं नेऊन बसवलं. त्या दिवसापासून त्यांचा पहिला प्रश्न बदलला. बिडी ओढता का, असं त्या विचारेनाशा झाल्या. आज ओढली असली तरी सांगा, मी रागावणार नाही, असं म्हणायला लागल्या. तो राग गिळताना त्यांना किती त्रास व्हायचा ते मला बाजूच्या टेबलावरून दिसायचं. पण माणसं खरं बोलायला लागली. बाईंच्या धाकानं इतकी वर्षं लोक बिडी सोडत नव्हते, खोटं बोलायला शिकत होते, हे आम्हाला एक पाय गेल्यावर कळलं.

मुंजाबाला कारखान्यानं गेटवर बसायचं काम दिलं. बाईंनी त्याला सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात यायला सांगितलं. त्यानं फक्त बाकावर बसायचं आणि ज्यांना बिडी सुटत नाही त्यांच्याशी बोलायचं. तो यायचा. बानाबाई त्याला रिक्षातून उतरवायची. मोकळी विजार गुडघ्याखाली दुमडून, पिन लावून तो बसायचा आणि सांगायचा: गोळा कसा येतो, नाडी कशी जाते, बिडी सोडल्यावर ती कशी परत आली होती, आणि पुन्हा धरल्यावर पाय कसा गेला. त्याचं ऐकून काहींनी खरंच सोडली. बाईंच्या औषधानं झालं नाही ते त्याच्या पिनेनं केलं. पण त्याच्या सांगण्यात एक जागा रिकामी असायची. पुन्हा धरली ती कशी, यावर तो म्हणायचा, बिडी काय, कुणी ना कुणी देतंच.

आणि कुणी दिली ते सगळा कारखाना आपल्या मनानं भरायचा. कडुबानं मुंजाबाचा पाय खाल्ला, असं कॅन्टीनमध्ये उघड बोललं जाई. काहींना ते बोलताना गोडही लागे. नामांतराचा राग असा कुठं कुठं वळवून निघत होता. कडुबानं कुणाशी वाद घातला नाही. एकानं फारच छेडलं तेव्हा तो म्हणाला की ज्याला ठावं हाय त्यानं बोलावं. गेटवरून जाताना तो मुंजाबाकडे बघत नसे. बिडीला कडुबानं त्यानंतरही हात लावला नव्हता. मुंजाबानं मला हे एकदा आपण होऊन सांगितलं, आणि मग मान फिरवली.

मुंजाबा बाकावर असतो त्या दिवशी कडुबा दवाखान्यात यायचा नाही. एकदा मात्र त्याला सणकून ताप भरला आणि बायकोनं, गोजरबाईनं, त्याला ओढतच आणलं. तो बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला घोंगडी गुंडाळून बसला. मध्ये चार-पाच माणसं. त्यात बन्सी नावाचा एक ट्रक ड्रायव्हर होता, बाईंनी त्याला मुंजाबाकडे पाठवलं होतं. मुंजाबा बोलत होता तसाच बोलला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. आणि बन्सीनं सहज विचारलं, "पर भाऊ, सुटलेली परत लावली कुणी?"

 बानाबाई शेजारी उभी होती, तिनं बाकाच्या त्या टोकाकडे मान उडवली. त्या मान उडवण्यानं बहुधा झालं. मुंजाबा बायकोकडे बघून म्हणाला, "नगं त्याच्याकडं बघू. त्यानं नाय दिली."

मग तो बोलत राहिला, बन्सीकडे बघत, थांबला तर पुन्हा जमणार नाही अशा घाईनं. "मीच लावली. चंपाषष्ठीला तात्याची चिलीम घेतली. तात्या म्हणला, डॉक्टरनं सोडायला लावली का कडुबानं. मला भ्या वाटलं, नाय म्हणलो तर हे मला त्यांच्यातला धरत्याल. म्हणून घेतली. आन इथं बाई कडुबाला बोलत व्हत्या, मपली बायकू त्याच्यावर आळ घेत व्हती, तवा मी खाली बघत बसलो. त्यानं बिडी दिली नाय. त्यानं तर मपल्यासाठी स्वताची सोडली व्हती."

 बानाबाईनं पदर तोंडावर धरला आणि भिंतीकडे वळली. पाथ्रीकर बाई पुढचा नंबर बोलवायला दारात आल्या होत्या आणि तिथंच थांबल्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. त्या पुढे आल्या, म्हणाल्या, कडुबा, मी तुम्हाला त्या दिवशी नको नको ते बोलले. 

कडुबा घोंगडी सावरत उठला. बाईंना म्हणाला, तुमचं राहू द्या बाई, तुम्हाला काय ठावं. मग तो मुंजाबासमोर येऊन उभा राहिला. तापानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"एवढंच त्या दिवशी बोलला असतास," तो म्हणाला, "तर बाईंनी तुला गावाला धाडलं नसतं. पाय राहिला असता तुपला."

आणि बाईंच्या मागोमाग तो आत गेला. मुंजाबा दुमडलेल्या विजारीवर हात ठेवून बसला होता. थोड्या वेळानं तो व्हय म्हणाला, पण तोवर आतलं दार लागलं होतं.